नोटिशीचे दिवस



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, अशीच वहिवाट आहे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते बाजार समितीच्या आवारात आणि रात्री दिव्याखाली, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. चालकांनी आम्हांस 'कामगार चळवळीतील अनुभव' हा विषय दिला होता. तो आम्ही बदलून मागितला. पोटाच्या प्रश्नावर आम्ही तीस वर्षे बोलत आलो; पण तो प्रश्न दुसऱ्यांच्या रिकाम्या पोटाचा होता. आज आम्ही आमच्या स्वतःच्या भरलेल्या पोटाविषयी बोलणार आहोत. हसू आले तर हसावे. आम्हांस त्याची सवय आहे.

विसाव्या वर्षी आम्ही जळगावच्या बाजार समितीत हमाली करीत होतो. हरभऱ्याचे पोते पाठीवर घ्यायचे, फळीवरून चढायचे, थप्पीला लावायचे आणि पाठ मोकळी करून पुन्हा खाली यायचे. आज आमचे वजन जेवढे हवे त्याहून साठ किलोंनी अधिक होते, म्हणजे एका पोत्याहून जास्तच. फरक एवढाच, की हे पोते थप्पीला लावता येत नाही. ते घेऊनच जिना चढायचा, ते घेऊनच निजायचे, आणि ते छातीवर घेऊनच उठायचे.

हे पोते आले कोठून? गेट-सभा, रात्रीच्या बैठका, एस.टी.चा प्रवास, दिवसाला पंधरा चहा, आणि मध्यरात्री जळगाव-धुळे रस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी. आमचा दोष आम्ही नाकारीत नाही. पण नुसत्या दोषाने हिशेब जुळत नाही. शेजारी बसून तेच खाणारा सहकारी काडीसारखा राहिला. शरीराची घडण, आईबापांकडून आलेला वारसा, अपुरी झोप, साखरेचा विकार हे सगळे त्यात असते. शिवाय एकदा वाढलेले वजन कमी करू लागले की शरीर भूक वाढवून ते परत मागते. आम्ही तीन वेळा पंधरा-पंधरा किलो उतरविले आणि तिन्ही वेळा ते व्याजासह परत आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा जास्त वजनाचे आढळले. इतकी माणसे एकदम आळशी झाली, असे म्हणणे म्हणजे बेकारीचे खापर बेकारावर फोडण्यासारखे आहे.

आता ज्या प्रसंगाने आम्ही डॉक्टरांच्या दारात गेलो तो सांगतो. धुळ्याच्या एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. दुपारी तीनचा सुमार. व्यवस्थापनाचा माणूस कलमे वाचीत होता, आणि आम्ही, कामगारांचे प्रतिनिधी, खुर्चीत झोपी गेलो. जागे झालो तेव्हा जादा कामाच्या दराचे कलम मागे पडले होते. आमच्या तरुण चिटणीसाने ते पुन्हा उघडवले म्हणून निभावले. पण संध्याकाळी गेटवर कुजबूज झाली, की भाऊ झोपले नाहीत, भाऊंनी डोळे मिटून घेतले. बंधूंनो, आम्ही लाठी खाल्ली आहे, तुरुंगाची हवाही घेतली आहे; पण त्या एका वाक्याइतके काही लागले नाही.

डॉक्टरांनी रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी केली. झोपेत आमचा श्वास वारंवार अडत होता. म्हणून रात्र झोपेत जाऊनही झोप होत नव्हती आणि ती दुपारी वसूल होत होती. वजन १२८ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. किलोंना मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो आमचा ४५ आला. आपल्याकडे तो २३ च्या आत असावा असे मानतात. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेनऊ. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली.

ही शस्त्रक्रिया चरबी कापून काढण्याची नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अशा कामासाठी जठराला बायपास करण्याची रीत सुरू केली. सांप्रत दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून केळाएवढी नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. त्याने अन्न थोडे मावते, हे खरे. पण भूक आणि साखर यांचे नियमन करणारे स्रावही बदलतात. वर्ष-दोन वर्षांत एकूण वजनाच्या चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक वजन उतरते. अनुभवी ठिकाणी जिवाचा धोका हजारांत एखाद्याला, असे सांगतात. पुढे जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तपासण्या चुकत नाहीत. आणि सवयी जुन्याच राहिल्या तर वजन परत येऊ शकते. म्हणजे हा सोपा मार्ग नव्हे. हा करार आहे, आणि त्याची कलमे रोज पाळावी लागतात.

आम्ही होकार दिला त्याला अकरा महिने झाले. तारीख दोनदा पुढे गेली. एकदा साखर आटोक्यात नव्हती म्हणून, एकदा विम्याच्या कागदामुळे. या अकरा महिन्यांबद्दलच आम्हांस खरे सांगायचे आहे.

पहिले दोन महिने आम्ही नुसते वाट पाहत बसलो. वाट पाहणारा माणूस दोन चुका करतो, त्या आम्ही दोन्ही केल्या. पहिली चूक ही, की ऑपरेशन सगळे करील, तोवर आपण काय करायचे, असे समजणे. दुसरी, पुढे मिळणार नाही म्हणून आत्ताच खाऊन घेणे. कार्यकर्त्यांनी आमच्यासाठी शेतावर भरिताचा बेत केला. वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी, वर शेव. जो तो म्हणे, "खाई ल्या भाऊ!" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी वरण-बट्टी. निरोपाच्या या जेवणावळींत आम्ही चार किलो वाढलो. प्रेमाने वाढलेले ताट नाकारणे हे मालकाचे पाकीट नाकारण्यापेक्षा कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तेव्हा आमच्या सौभाग्यवती एका रात्री म्हणाल्या, "संपाची नोटीस दिल्यावर तुम्ही घरी झोपून राहता का? मग आता का निजलात?"

त्या शिकलेल्या नाहीत; पण त्यांनी चळवळीचे मर्म सांगितले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना संपाची नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबणे भाग होते. नव्या संहितेने तो नियम आता सर्वच उद्योगांना लावला आहे. बाहेरच्याला वाटते, हे दिवस रिकामे. आम्हांस ठाऊक आहे, की संप जिंकला किंवा हरला जातो तो याच दिवसांत. धान्य साठवायचे, वर्गणी गोळा करायची, घरोघर जाऊन बायामाणसांना समजवायचे. ज्यांनी नोटिशीचे दिवस फुकट घालवले त्यांचा संप पहिल्या पगाराला मोडला. शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस हे असेच नोटिशीचे दिवस आहेत.

तर आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. प्रथम वही घातली. जे तोंडात गेले ते लिहायचे. खोटे लिहायचे नाही. आठ दिवसांत कळले, की आम्ही भुकेने खातो त्याहून जास्त चिंतेने खातो. मग चावणे शिकलो. पुढे जठराची नळी झाल्यावर घास गिळून भागत नाही, म्हणून भाकरीचा घास आत्ताच वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवणाला अर्धा तास लावायचा, आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी प्यायचे नाही. हमालाला पाच मिनिटांत जेवायची सवय. ती मोडायला आम्हांस तीन महिने लागले. ताटात आधी डाळ, उसळ, दही, अंडे, भाकरी मागाहून. शस्त्रक्रियेनंतर रोज साठ ग्रॅमच्या पुढे प्रथिने लागतात आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम असतात, तेव्हा हा हिशेब आधीच हाताशी असावा.

तंबाखूची चंची सोडली. शस्त्रक्रियेपूर्वी निदान सहा आठवडे ती बंद हवी, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो आणि पुढे व्रण होतात. तेव्हा कायमची सोडलेली बरी. गुडघ्यासाठी मनाने वेदनाशामक गोळ्या गिळण्याची खोडही सोडली. पहाटे पाचला, ऊन चढायच्या आत, मेहरूण तलावाच्या कडेने चालू लागलो. पहिल्या दिवशी विजेचे चार खांब मोजले आणि बसलो. आज तीन किलोमीटर होतात. रात्री श्वासाचे यंत्र नाकाला लावतो. पहिला महिना ते फेकून द्यावेसे वाटले, पण आता बैठकीत जागे असतो. रक्ततपासणीत ब-१२ आणि ड ही जीवनसत्त्वे कमी निघाली, ती भरून काढली. साखरेचा आकडा साडेसातावर आला. आणि वजन? नऊ किलो उतरले.

शेवटचे १४ दिवस आता यायचे आहेत. त्यांत अगदी हलका, मोजका आहार घ्यावा लागतो. कारण असे, की यकृताचा डावा भाग जठरावर आडवा असतो. आमच्यासारख्यांचे यकृत चरबीने फुगलेले असते आणि शल्यवैद्याला ते उचलून धरावे लागते. दोन आठवडे कमी खाल्ले की ते आकसते आणि वाट मोकळी होते. मधुमेहींनी या दिवसांत औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे, नाहीतर साखर एकदम खाली जाते. कायद्याचे दिवसही १४ आणि डॉक्टरांचेही १४, हा योगायोग आम्हांस आवडला.

कागदाच्या लढाईविषयी दोन शब्द. विमा कंपनीने प्रथम आमचा अर्ज 'सौंदर्यासाठी उपचार' असे म्हणून परत केला. आमचा चेहरा पाहिलेल्या कोणाचाही यावर विश्वास बसणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे, डॉक्टरांचा सल्ला असेल आणि तो आकडा ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ च्या पुढे असून झोपेतील गंभीर श्वासरोध, हृदयविकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, तर ही शस्त्रक्रिया लठ्ठपणाच्या नावाने वगळता येत नाही. तेव्हा नकार नेहमी लेखी मागावा, त्यातील कलम विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांनी हे लक्षात ठेवावे, की महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मागितल्याशिवाय हक्क मिळत नाही, हे आम्ही येथे नव्याने सांगावयास नको.

आता राहिली भीती. ती आहे. आयुष्यभर आम्ही 'मी' म्हणालो नाही. 'आम्ही' म्हणालो, कारण आमच्या मागे माणसे होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र एकट्यालाच चढावे लागते, हा विचार रात्री यंत्राच्या आवाजात छळतो. मृत्यूपेक्षाही एक भीती मोठी आहे, की इतके करून पोते परत आले तर लोक काय म्हणतील. हे आम्ही डॉक्टरांना सांगितले, आणि त्यांनी मानसतज्ज्ञांकडे पाठवले. तेथे जाण्यात कमीपणा मानू नये. घरच्यांनाही भीती सांगावी. आम्ही सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "मला वाटले, तुम्हांला भीतीच नाही, म्हणून मी माझी सांगत नव्हते." त्या दिवसापासून आमच्या घरी भीतीची वाटणी झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच आली.

परवा आखाजी. माहेरवाशिणी येतील, झोके बांधले जातील, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस होईल. आमच्या मुलीने विचारले, "बाबा, तुमच्यासाठी काय करू?" आम्ही म्हणालो, पोळीचा चतकोर आणि चमचाभर रस, पण पंगतीत बसव, वेगळे बसवू नकोस. आपल्या घरी, आपल्या कारखान्यात असा कोणी वाट पाहणारा असेल तर त्याला "खाई ल्या" म्हणू नका आणि "तोंड आवरा" असेही म्हणू नका. पहाटे त्याच्याबरोबर चार खांब चाला.

पुढच्या वसंतात आम्ही या मंडपात येऊ तेव्हा खुर्चीवर बसू की सतरंजीवर, किती किलोंचे असू, हे आज सांगता येत नाही. पण नोटिशीचे दिवस आम्ही झोपून काढले नाहीत, एवढे सांगू शकतो. आणि त्या धुळ्याच्या कारखान्याच्या पुढच्या कराराची बोलणी येत्या दिवाळीत आहेत. तेथे दुपारी तीन वाजता आम्ही जागे असू.