घर आणि मन
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्या. चिठ्ठीत माझ्या वाट्याला ‘घर आणि मन’ हा विषय आला आहे. पुस्तकातले मला ठाऊक नाही. राहिले त्या घरांविषयी बोलते.

लग्न होऊन मी वरळीच्या बी. डी. डी. चाळीत आले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत बांधलेल्या या चाळी. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून लांब अंधारा पॅसेज, संडास सामाईक. खोली १६० चौरस फुटांची आणि माणसे आम्ही सात.

नव्या सुनेला तिथे रडायला जागा नव्हती. माहेरची आठवण आली की मी मोरीत जाई आणि तांब्याने बादलीत पाणी ओतत बसे. आवाज झाला म्हणजे झाले. सासूबाईंना कळत असणारच. त्या बोलल्या मात्र कधी नाहीत, टी. व्ही. तेवढा मोठा करीत.

तेव्हा मला एकच हौस होती, आतून कडी लावता येईल असे एक दार आपल्याला असावे. चाळीत दार सकाळी उघडले की रात्री निजतानाच लागे. दिवसा लोटले तरी शेजारीण विचारी, “काय गं, बरे नाही का?” मला त्या विचारण्याचा राग येई. माझी धाकटी घराचे चित्र काढी, त्यात कौले नि झाड नसे. लांब पॅसेज आणि दोन्हीकडे दारेच दारे.

मधली वर्षे तात्पुरत्या घरात काढली. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आम्हीही होतो. ५०० चौरस फूट, आणि संडास घरात! रात्री पोरीबाळींना सोबत घेऊन पॅसेजच्या टोकाला जाणे सुटले, याचे सुख बायकांनाच कळेल. पहिल्या रात्री मी बेडरूमची कडी लावली, मोकळेपणी रडावे म्हणून बसले, तर रडूच येईना. हसू नका.

सासूबाईंचे मात्र उलट झाले. चाळीत त्या दाराशी भाजी निवडीत बसत. मजल्याची सारी खबर त्यांना. इथे दार उघडले तर समोर लिफ्ट. दिवाळीनंतर एका दुपारी त्या न्हाणीघरात घसरल्या. मी बाजारात गेले होते. दीड तास हाका मारीत होत्या, बंद दारांपलीकडे कोणाला ऐकू जाणार? चाळीत नुसता तांब्या पडला तरी चारजणी धावत. हाड मोडले नाही, पण त्या अबोल झाल्या.

तेव्हापासून दुपारी मी नुसते जाळीचे दार लावते. मुलगा रागावतो, रागावू दे. सासूबाई तिथे स्टुलावर बसतात. गेल्या आठवड्यात समोरच्या बाईंनीही आपले दार उघडे ठेवले आणि दोघींनी मिळून कोथिंबीर निवडली.

माझी कडी मात्र मी सोडलेली नाही. दुपारी अर्धा तास लावतेच. मग बाहेरून सासूबाई विचारतात, “काय गं, बरे नाही का?” आणि मी आतून ओ देते.