परदेशातील वार्धक्य आणि स्वदेशातील पैसा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही शिक्षक असल्यामुळे मुलांच्या अभ्यासावर अथवा संस्कारांवर चार शब्द बोलावे. परंतु मुलांस उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मुले परदेशी गेल्यावर त्यांच्यामागून जाऊ पाहणाऱ्या आईबापांस कोणी काही सांगत नाही. म्हणून आज तोच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. पण जे सांगणार आहोत ते स्वतःच्या हातून झालेल्या चुकीने शिकलो आहोत, आणि चुकीने शिकलेला धडा माणूस सहसा विसरत नाही.

आपल्यापैकी वयस्कर मंडळींना मनीऑर्डरचे दिवस आठवत असतील. घरटी एक कर्ता माणूस मुंबईस गिरणीत किंवा पेढीवर असे आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पोस्टमन दारात उभा राही. त्या मनीऑर्डरीला खाली एक कूपन असे. आमची आजी पैसे खर्च करी, पण कूपन जपून ठेवी. देवघरातील डबा त्या कुपनांनी भरलेला होता. पैसे कोणी पाठविले, कोठून पाठविले, केव्हा पाठविले, हे सारे त्या चिठोऱ्यावर असे. ‘पैसा जातो, कूपन राहते’, असे ती म्हणे. आजच्या आमच्या भाषणाचे सार या चार शब्दांत आहे.

आता काळ पालटला आहे. पूर्वी मुलगा बाहेरून पैसे पाठवी व आईबाप गावी राहत. आज मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थायिक होते आणि एकट्या पडलेल्या आईबापांस वाटते की, उरलेली वर्षे त्यांच्याजवळ काढावी. परंतु कोणतेही राष्ट्र परक्या वृद्धास केवळ ‘माझी मुलगी येथे आहे’ एवढ्यावर ठेवून घेत नाही. अमेरिकेत तर निवृत्तांसाठी असा स्वतंत्र व्हिसाच नाही. ज्या देशांत तो आहे, ते एकच प्रश्न विचारतात: ‘आपण आमच्यावर भार होणार नाही याचा पुरावा काय?’ पोर्तुगालने हे प्रमाण तेथील किमान वेतनाशी जोडले आहे. २०२५ साली ते महिना ८७० युरो होते. प्रत्येक देशाचा आकडा निराळा, पण प्रश्न एकच.

आम्हांस ज्याची माहिती झाली तो देश थायलंड. तेथील नियम वरवर पाहता सोपा आहे. अर्जदाराचे वय ५० वर्षे पूर्ण असावे. मग वर्षभराच्या मुदतवाढीसाठी त्याने एक तर तेथील बँकेत स्वतःच्या नावे ८ लाख बाथ ठेवावे, किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे, किंवा ठेव व उत्पन्न मिळून वर्षाचे ८ लाख भरून दाखवावे. २०१९ पासून ठेवीचा नियम अधिक कडक झाला. रक्कम अर्जापूर्वी दोन महिने खात्यात असावी, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावू नये, आणि त्यापुढेही वर्षभर शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ नये. उत्पन्नाच्या बाबतीत पूर्वी पुष्कळांचे काम वकिलातीच्या पत्रावर भागत असे. २०१८ च्या अखेरीस ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी आपल्या नागरिकांस अशी पत्रे देण्याचे बंद केले. तेव्हापासून बारा महिने, महिन्याच्या महिन्यास, परदेशातून ६५ हजार बाथ खात्यात आल्याच्या बँकेतील नोंदी हाच मुख्य पुरावा होऊन बसला. ‘परदेशातून’ या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. आम्ही ते दिले नाही.

आमचे एक चुलत बंधू आहेत. वयाने वडील, म्हणून आम्ही त्यांस दादा म्हणतो. पुण्यास एका कारखान्यात अभियंता होते. वहिनी निवर्तल्या आणि एकुलती एक मुलगी नोकरीनिमित्त बँकॉकला राहिली. दोन वर्षे दादांनी एकट्याने स्वयंपाक केला. शेवटी लेकीच्या आग्रहास्तव जाण्याचे ठरविले. येथील बँकेतील ठेवी दाखवून व आरोग्यविमा उतरवून त्यांस भारतातूनच पहिल्या वर्षाचा व्हिसा मिळाला. लेकीच्या घराजवळ त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जावई परका नसला तरी आपली चूल निराळी असावी, हा जुना विचार. दोन घरांचे भाडे, निवृत्तिवेतन व व्याज यांतून दरमहा पैसे पाठवावयाचे, आणि हे काम मुखत्यारपत्र करून त्यांनी आमच्यावर सोपविले.

त्या वेळी बाथाचा भाव सुमारे २ रुपये ७५ पैसे होता. ६५ हजार बाथांस १ लाख ७८ हजार ७५० रुपये लागतात. आम्ही हिशेब करून दरमहा १ लाख ८५ हजार पाठविण्याचे ठरविले आणि शिक्षकी बाण्याने तो आकडा वहीत लाल शाईने लिहून ठेवला. सहा महिने सुरळीत गेले. दिवाळीच्या महिन्यात आम्ही सहकुटुंब गावी गेलो, आणि महिना संपला तरी बँकेत जाणे राहून गेले. दादांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हणालो, ‘दादा, चिंता करू नका, पुढच्या महिन्यात दुप्पट धाडतो.’ तिकडे लेकीने पाहिले की वडिलांच्या खात्यात या महिन्याचे पैसे नाहीत. तिने आपल्या पगारातून ६५ हजार बाथ त्यांच्या खात्यात भरले. आपल्या घरांत बापाचा पैसा आणि लेकीचा पैसा निराळा कोण मोजतो?

पुढे फाल्गुनात दुसरी गोष्ट झाली. बाथाचा भाव चढून २ रुपये ८५ पैशांवर गेला. लाल शाईतला आकडा मात्र बदलला नाही. १ लाख ८५ हजारांचे बाथ झाले ६४ हजार ९१२. म्हणजे ८८ बाथ कमी, आणि वाटेतल्या बँकेने आपला आकार कापला तो निराळाच.

वर्षअखेर दादा इमिग्रेशन कचेरीत गेले. तेथील अधिकारी बाईंनी पासबुकावर पट्टी ठेवून एकेक ओळ तपासली. दिवाळीच्या महिन्यातील ओळीवर पट्टी थांबली, कारण ती रक्कम बँकॉकमधीलच खात्यातून आलेली होती. पुढील महिन्याची दुप्पट रक्कम मागील महिन्याची उणीव भरून काढीत नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. मग फाल्गुनाच्या ओळीवर पट्टी थांबली. खात्यातील शिल्लक खर्चापुरतीच होती, म्हणून ठेवीच्या मार्गाने जाण्यासही वाव नव्हता. ठेव तर दोन महिने आधी असावी लागते. मुदतवाढ नाकारली गेली. बाईंचे यात काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. चूक येथे, आमच्या वहीत होती.

दादांनी खोल्यांस कुलूप घातले आणि ते थोड्या दिवसांतच परत आले. आमच्याकडे अडीच महिने राहिले. एका शब्दाने त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, आणि तेच अधिक जड वाटले. एके रात्री लेकीचा फोन आला. ती रडत म्हणाली, ‘काका, माझेच पैसे होते हो. ते खोटे होते का?’ आम्ही चाळीस वर्षे वर्गात प्रश्नांची उत्तरे दिली, परंतु या प्रश्नाला तत्काळ उत्तर सापडले नाही. आज ते असे देता येईल की, पैसे खरे होते, पण त्यांचे कूपन चुकीचे होते.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, येथून पैसे नेण्याचे दोन निरनिराळे दरवाजे आहेत. जो भारतात निवासी आहे, त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेची, एल.आर.एस. या नावाने ओळखली जाणारी योजना आहे. ती २००४ साली २५ हजार डॉलरपासून सुरू झाली आणि २०१५ पासून तिची मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. तिला पॅन लागतो, आणि कोणत्या कारणासाठी पैसे पाठवितो ते फॉर्मवर लिहून द्यावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून या मार्गाने वर्षात १० लाख रुपयांहून अधिक रक्कम अशा निर्वाहाच्या कारणासाठी पाठविल्यास वरच्या रकमेवर २० टक्के टी.सी.एस. बँक आधीच घेते. २ रुपये ७५ पैसे भावाने ८ लाख बाथांस २२ लाख रुपये होतात; म्हणजे १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये वेगळे जवळ हवेत. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण मधले महिने तो हाताशी नसतो. हे न कळल्याने ऐन वेळी अडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

जो कायम राहण्याच्या हेतूने परदेशी गेला, तो मात्र या योजनेबाहेर जातो. त्याने बँकेस तसे कळवून आपले बचत खाते अनिवासी, म्हणजे एन.आर.ओ., करून घ्यावे लागते. पुष्कळ लोक हे टाळतात, कारण या खात्याच्या व्याजावर मुळातच ३० टक्के व वर अधिभार कापला जातो. पण टाळणे नियमाविरुद्ध आहे. निवृत्तिवेतन, भाडे, व्याज हे चालू उत्पन्न कर भरल्यानंतर या खात्यातून बाहेर पाठविता येते, आणि मुखत्यारासही ते खातेदाराच्या नावे पाठविता येते. ठेवीसारखे मूळ भांडवल खातेदारास वर्षात १० लाख डॉलरपर्यंत नेता येते. यासाठी कर भरल्याचे निवेदन आणि बहुधा सनदी लेखापालाचा दाखला लागतो. हे कागद एका दिवसात होत नाहीत.

दुसरी गोष्ट, पैसे स्वस्तात पाठवून देणाऱ्या अनेक कंपन्या निघाल्या आहेत. त्यांतील काही येथे रुपये घेतात आणि तेथे आपल्या स्थानिक खात्यातून बाथ भरतात. पैसे लवकर पोचतात, आकार कमी पडतो, परंतु पासबुकात ती नोंद देशांतर्गत जमा म्हणून उमटते. ज्यास केवळ खर्चास पैसे हवेत त्यास ते उत्तम. ज्यास व्हिसाचा पुरावा हवा त्याने आधी एक छोटी रक्कम पाठवून नोंद कशी उमटते ते पाहावे, आणि तेथील बँकेकडून परदेशातून पैसे आल्याचे पत्र दर महिन्यास मागून घ्यावे. वर्षाच्या शेवटी बारा पत्रे मागण्यास जाऊ नये.

तिसरी गोष्ट, वाटेतील बँकांचा आकार कोणी द्यावयाचा हे पाठविताना फॉर्मवर विचारतात. तो पाठविणाऱ्याने द्यावा असे लिहिलेले बरे. शिवाय दरमहा नेमके ६५ हजार पाठवू नये. दहा टक्के अधिक धरावे, आणि प्रत्येक महिन्यास त्या दिवसाचा भाव पाहून रुपयांचा आकडा नव्याने काढावा. लाल शाईने काहीही लिहू नये. पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जावे, म्हणजे सुट्या आल्या तरी महिना हुकत नाही.

चौथी गोष्ट, कराची. १ जानेवारी २०२४ पासून थायलंडचा नियम असा आहे की, जो वर्षात १८० दिवस अथवा अधिक तेथे राहतो, त्याने परदेशात मिळविलेले उत्पन्न तेथे आणले तर ते करास पात्र ठरते. भारत व थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. म्हणून येथे भरलेल्या कराच्या पावत्या तेथे नेऊन जाणत्या माणसास दाखवाव्या. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्यासही विसरू नये. तो चुकला तर पाठविण्याचा झराच आटतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्यास एकरकमी ठेव ठेवणे शक्य आहे त्याने ती ठेवावी. व्याज बुडते हे खरे, पण मन स्वस्थ राहते. दादांनी शेवटी तेच केले. नव्याने व्हिसा काढला, येथील एक ठेव मोडली आणि ८ लाख बाथ मुदतीच्या किती तरी आधी तेथील खात्यात ठेवून दिले. ज्यास तेही जमत नाही व मासिक मिळकतही पुरत नाही, त्याने कर्ज काढून किंवा मुलांकडून आणलेले आकडे दाखवून तेथे राहण्याचा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनात ६५ हजार बाथ बसत नाहीत. म्हणून आम्ही येथेच आहोत, आणि मुलांस सुटीत येथे बोलावतो. यातही कमीपणा नाही.

शेवटी मंडळास एक विनंती आहे. आपल्या सभासदांत बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबतपासनीस असलेले आणि परदेशी राहून आलेले अनेक गृहस्थ व भगिनी आहेत. त्यांतील तिघाचौघांनी महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसावे आणि जाऊ पाहणाऱ्या वृद्धांचे कागद वाचून द्यावे. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देण्याइतकेच ते मोलाचे ज्ञातिकार्य होईल. ज्याच्या हाती आपण आपले पैसे सोपवितो तो नातलग प्रामाणिक असतो, पण प्रामाणिक माणूसही दिवाळीस गावी जातो.

दादा आज लेकीजवळ आहेत. दर महिन्यास आम्हांस पासबुकाच्या पानाचे छायाचित्र धाडतात आणि खाली लिहितात, ‘कूपन मिळाले.’ आम्ही ते वहीत नोंदवून ठेवितो.