यंत्र बोलेल, की आम्ही बोलू?



आयर्लंडशी आपले नाते केवळ नोकरीच्या परवान्याचे नाही. भारतीय संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना या देशाच्या 1937 च्या संविधानावरून घेतलेली आहे, हे आपण सारे जाणतो. त्याच संविधानाच्या आठव्या अनुच्छेदात आयरिश ही पहिली आणि इंग्रजी ही दुसरी अधिकृत भाषा मानली आहे. प्रत्यक्ष व्यवहार मात्र बहुतांशी इंग्रजीतच चालतो. या भूमीतील असंख्य घरांतील पूर्वज इंग्रजी ही परकी भाषा म्हणूनच शिकले. तेव्हा प्रौढ वयात इंग्रजी शिकणाऱ्या माणसाने या देशात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

2022 च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये 7,51,507 लोक घरी इंग्रजी वा आयरिशखेरीज अन्य भाषा बोलतात. त्यांत आपली मराठी घरेही आली. आपल्यातील अभियंत्यांचा किंवा परिचारिकांचा प्रश्न येथे आम्ही मांडीत नाही. प्रश्न आहे तो त्यांच्यासोबत आलेल्या पत्नीचा आणि मागाहून आलेल्या आईवडिलांचा. मराठी माध्यमातून शिकलेली आपली भगिनी इंग्रजी पाटी वाचते, अर्ज भरते; परंतु डॉक्टरांसमोर बसली की तिचे शब्द गोठतात. मग पती तिच्या वतीने बोलतो. पती कामावर असेल तर शाळकरी मुलाला दुभाषा म्हणून नेले जाते. आईने आपले दुखणे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून सांगावे, यात दोघांचीही कुचंबणा आहे. काही दुखणी तर ती मुलासमोर सांगतच नाही, आणि ती अंगावर काढली जातात.

आता मुलाची जागा मोबाइल फोनने घेतली आहे. मराठीत बोलावे आणि यंत्राने इंग्रजीत उच्चारावे, ही सोय झाली आहे. अडीनडीला ती जरूर वापरावी. तथापि यंत्र आपल्या वतीने बोलत राहिले, तर आपण बोलते कधी होणार, याचा विचार करणे भाग आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. कागदावर काय लिहिले आहे हे दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि आपण अंगठा उमटवावा, या अवस्थेतून आपल्या आज्यापणज्यांच्या पिढ्या गेल्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हे परावलंबन तोडण्यासाठीच. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी पाक्षिक काढले, त्याचे नाव त्यांनी ‘मूकनायक’ ठेवले. मुक्या समाजाला स्वतःची वाचा मिळावी, हा त्यामागील हेतू होता. तंत्रज्ञानाची कसोटीही हीच असली पाहिजे: ते वापरणाऱ्याला बोलते करते, की कायमचे मुके ठेवते?

या देशाचा अनुभव याबाबत बोधप्रद आहे. 1997 च्या आंतरराष्ट्रीय साक्षरता पाहणीत आयर्लंडमधील सुमारे एकचतुर्थांश प्रौढ सर्वांत खालच्या पातळीवर आढळले. त्यानंतर 2000 साली राष्ट्रीय प्रौढ साक्षरता संस्थेने आर.टी.ई. या दूरचित्रवाणीवरून ‘रीड राइट नाऊ’ ही मालिका सुरू केली. ज्यांना वर्गात जाण्याची लाज वाटे, त्यांच्या घरातच वर्ग गेला. परंतु केवळ पडद्यावर भिस्त नव्हती. सोबत अभ्यासपुस्तिका होत्या आणि विनामूल्य दूरध्वनीवर साहाय्य करणारी माणसेही होती. 2006 साली मीथ परगण्यातील समरहिल गावी ‘फॉल्चा इश्टॅक’ हा उपक्रम निघाला. त्यात ज्येष्ठ नागरिक स्वयंसेवक नवागतांशी इंग्रजीत गप्पा मारतात. तेथील मुख्य साधन म्हणजे सवड असलेला माणूस. यंत्राने सराव द्यावा आणि माणसाने धीर द्यावा, हे या दोन उपक्रमांचे सार होय.

माणसाची गरज आणखी एका कारणाने आहे. मोबाइलवरील धडे बहुधा अमेरिकेची किंवा लंडनची इंग्रजी शिकवतात. येथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, रागावण्याला ‘गिव्हिंग आउट’ म्हणतात आणि ठीक असलेले सारे ‘ग्रँड’ असते. ‘आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग’ म्हणजे ‘माझे नुकतेच जेवण झाले’. ही रचना आयरिश भाषेतून आली आहे. ‘थँक’मधील ‘थ’ येथील पुष्कळ लोक आपल्यासारखाच दातांना जीभ लावून उच्चारतात. तेव्हा यंत्राने उच्चार चुकीचा ठरवला, तरी कॉर्कचा दुकानदार तो समजून घेईल. यंत्राच्या लाल खुणेने कोणी खचून जाऊ नये.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. पहिली, शिकणाऱ्या स्त्रीच्या हाती तिचा स्वतःचा फोन असावा. पतीच्या फुरसतीवर तिचे शिक्षण अवलंबून नसावे. दुसरी, रोज पंधरा मिनिटे वाक्ये ऐकावीत, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून पुन्हा ऐकावा. तिसरी, डॉक्टरांकडे किंवा शाळेत जाण्यापूर्वी भाषांतराच्या यंत्राकडून वाक्ये तयार करून घ्यावीत, घरी म्हणावीत, आणि तेथे मात्र फोन पिशवीत ठेवून स्वतः बोलावे. अडलेच तर तो बाहेर काढावा. चौथी, आठवड्यातून एकदा माणसांत बसावे. 2013 पासून कार्यरत असलेल्या 16 शिक्षण व प्रशिक्षण मंडळांमार्फत इंग्रजीचे वर्ग चालतात. सार्वजनिक ग्रंथालयांचे सदस्यत्वही विनामूल्य आहे.

पाचवी सूचना आपल्या तरुणांसाठी. दवाखाना, बस, शाळा आणि पोलीस या चार प्रसंगांची साधी वाक्ये येथील शेजाऱ्यांच्या आवाजात, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करावीत. त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगावा आणि ती घरोघरी पाठवावीत. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे काम दोन रविवारांचे आहे.

पुढील वर्षीच्या जयंतीला आपल्यापैकी एखाद्या भगिनीने याच व्यासपीठावरून, हाती फोन न घेता, आयरिश पाहुण्यांचे इंग्रजीत स्वागत करावे, अशी आमची इच्छा आहे. तिचे व्याकरण चुकले तरी चालेल. वाणी तिची स्वतःची असली पाहिजे.

जयभीम.