रुंद चाकाचा हिशेब



तालुक्याच्या गावी टायरच्या दुकानावरून जाताना दारात टांगलेली रुंद, चकचकीत चाकं आपण सर्वांनी पाहिली असतील. नवी गाडी घेतलेल्या तरुणाची नजर त्यांच्यावर हमखास जाते. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. पण या हौसेला माप मात्र असतं, आणि ते माप कसं घ्यावं एवढंच मी आज सांगणार आहे.

रुंद टायर ही नुसती शोभा नव्हे. कोरड्या डांबरी वळणावर त्याची पकड चांगली असते, मऊ जमिनीत तो कमी रुततो. उलट, पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर तोच टायर लवकर तरंगू लागतो. म्हणजे फायदा आहे, तसा तोटाही आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. गाडीच्या मडगार्डखाली जागा मोजकी असते. त्या जागेत आतल्या अंगाला शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग किंवा पाटे आणि ब्रेकची नळी असते. बाहेरच्या अंगाला मडगार्डची धार असते. यांपैकी कशालाही टायर घासू लागला, तर घासते ती टायरची बाजू, आणि बाजू हाच टायरचा सर्वांत पातळ भाग. आतून घासलेला टायर बाहेरून दिसायला अगदी निरोगी असतो. भरलेली गाडी घाट उतरताना तो फुटला, तर मग बोलायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चाक रुंद झालं, तर ती वाढ गेली कुठं? आत की बाहेर? सगळं या प्रश्नात आहे.

शेतकरी बंधूंना हे समजावून सांगायची गरज नाही. पिकाच्या दोन ओळींतलं अंतर बदललं की आपण ट्रॅक्टरच्या चाकाची मधली तबकडी उलटी करून बसवतो. रिम तेच, टायर तोच. पण दोन चाकांमधलं अंतर वाढतं. का? तर तबकडी रिमच्या बरोबर मध्यावर नसते, एका अंगाला असते. मोटारीच्या चाकाचंही तसंच आहे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ गेली आहे अशी कल्पना करा. चाक ज्या जागी हबला टेकतं, ती जागा या रेघेपासून जितके मिलिमीटर बाहेरच्या अंगाला, तितका त्या चाकाचा ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या इंग्रजी अक्षरांपुढं तो आकडा बहुधा कोरलेला असतो. आकडा मोठा, तर चाक आत जातं; आकडा लहान, तर चाक बाहेर येतं.

गुरुजनांनी पुढचं उदाहरण वर्गात फळ्यावर अवश्य मांडावं. एका मोटारीचा टायर आहे १९५/६५ आर १५, आणि चाकाचा ऑफसेट ४५. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या शेकडा ६५. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. मालकाला घालायचा आहे २१५ रुंदीचा टायर. वाढ झाली २० मिलिमीटर. ऑफसेट ४५ च ठेवला, तर १० मिलिमीटर आत जातील आणि १० बाहेर. पण ऑफसेट ३५ चं चाक घेतलं, तर संपूर्ण चाक १० मिलिमीटर बाहेर सरकेल. म्हणजे आतली कड होती तिथंच राहिली, आणि २० च्या २० मिलिमीटर बाहेर गेले. वाढ तीच, पण पहिल्या वेळी शॉकअब्सॉर्बरकडे पाहायला हवं, दुसऱ्या वेळी मडगार्डकडे. विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणत्या अंगाला किती जागा आहे, हे म्हणूनच मोजायचं.

उंचीचाही हिशेब याच आकड्यांत आहे. जुन्या टायरचा व्यास येतो ६३४.५ मिलिमीटर. नवा टायर २१५/६० घेतला, तर व्यास ६३९, फरक नगण्य. पण २१५/६५ घेतला, तर व्यास होतो ६६०.५. आता चाक शेकडा चारांनी मोठं झालं. मडगार्डखालची जागा कमी झालीच. शिवाय काटा ज्या वेगाला ६० दाखवत असे, त्याहून गाडी शेकडा चारांनी जास्त पळू लागली.

आता तपासणी. गाडी जॅकवर उचलली, चाक बसवलं, हातानं गरकन फिरवलं आणि ‘कुठं लागत नाही’ म्हणून मोकळे झालो, असं करू नये. जॅकवर चाक खाली लोंबतं; रस्त्यावर ते तसं नसतं. आपल्याकडच्या पुष्कळशा लहान मोटारींत पुढच्या शॉकअब्सॉर्बरचा खालचा भाग चाकाबरोबरच वरखाली होतो, म्हणून त्याच्याशी असलेलं अंतर फारसं बदलत नाही. ते मोजायला सोपी युक्ती आहे. शॉकअब्सॉर्बरवर घट्ट कणकेचा गोळा चिकटवावा, चाक बसवून नट आवळावेत, मग चाक काढून दबलेल्या गोळ्याची जाडी पट्टीनं मोजावी. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर ते चाक आपलं नव्हे. मडगार्डचं अंतर मात्र खड्ड्याखड्ड्याला बदलतं. त्यासाठी गाडी जमिनीवर घ्या, नेहमीइतकी माणसं बसवा, सामान भरा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि उजव्या-डाव्या दोन्ही चाकांशी वाकून पाहा. मग एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा पाहा. दुकानदाराला विनंती करून आधी एकच चाक लावून पाहावं. चार घेऊन पस्तावण्यापेक्षा ते बरं.

चाक आत घासतं म्हटल्यावर काही मिस्त्री हब आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती घालून ते बाहेर ढकलतात. अशानं नटाला धरायला बोल्टचे आटे कमी उरतात. बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर नट त्यावर निदान तेवढा तरी फिरून बसला पाहिजे. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण अधिक. पाण्यानं भरलेली बादली अंगालगत धरली तर पेलते. हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. बेअरिंगचं तसंच आहे. आणखी एक: टायरवर भाराचाही आकडा असतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. नव्या टायरचा हा आकडा जुन्यापेक्षा कमी असता कामा नये. नवं चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

कायद्याचीही आठवण ठेवावी. निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये, असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलं. तेव्हा सर्वांत सुरक्षित मार्ग कोणता? आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे रुंद चाक देते, तेच घ्यावं. त्याचं माप गाडीच्या माहितीपुस्तकात किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर पुष्कळदा दिलेलं असतं.

गावातली गाडी ही एकट्या मालकाची नसते. अपरात्री बाळंतिणीला तालुक्याला न्यायचं असो, की परीक्षेला निघालेली पोरं पोहोचवायची असोत, तीच दारात येऊन उभी राहते. म्हणून दुकानात जाताना खिशात पैशाबरोबर एक मोजपट्टीही असू द्या. आणि दुकानदाराला किंमत विचारण्याआधी ऑफसेट विचारा.