गेटवरची शिक्षा

बोईसरमध्ये शिक्षेविषयी बोलायचे तर कोर्टाच्या पायरीपेक्षा कारखान्याच्या गेटपासून सुरुवात करणे बरे. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराचे पोट गेटपासवर असते, आणि गेटपासच्या आधी ठेकेदार अनेकदा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतो. न्यायाधीशाने सहा महिने दिले, माणसाने ते भोगले. नोंद मात्र सहा महिन्यांनी पुसली जात नाही. ही दुसरी शिक्षा कोणी सुनावली आणि किती काळासाठी, याचा आदेश कुठल्याच कागदावर सापडत नाही. शिक्षा कठोर असण्याला माझी हरकत नाही, तिला मुदत नसण्याला आहे.

मुदत ही गोष्ट आपल्या कायद्याला अपरिचित नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही, त्यानंतर येते. कायदे करणाऱ्याला परतीची तारीख आहे, गोण्या उचलणाऱ्याला नाही! 2015 च्या बाल न्याय कायद्याने तर, सोळा वर्षांवरील मुलांचे निर्घृण गुन्हे वगळता, बालकाची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करायला सांगितले आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता लागू देत नाही, पण नोकरी वाचवतेच असेही नाही, कारण मूळ वर्तन उरते असे न्यायालये म्हणतात. इंग्लंडने 1974 च्या कायद्यानेच ठरावीक वर्षे निर्दोष काढलेल्याची जुनी शिक्षा बहुतेक कामांपुरती संपली असे मानायला सुरुवात केली.

यावर विचारले जाईल, की 1969 पासून वीज देणारे अणुकेंद्र शेजारी असताना ढिलाई परवडेल का? तिथली चौकशी कडकच हवी. शाळेच्या बसवर चालक नेमतानाही हवी. पण तो निकष कापडाच्या कारखान्यात तागे उचलणाऱ्याला का? दहा वर्षांपूर्वीच्या मारामारीचा त्या ताग्यांशी संबंध काय, हे मालकाने सांगितले पाहिजे. नोकरीच्या अर्जात माहिती लपवणाऱ्या उमेदवारांबद्दल 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असाच विवेक दाखवला: तरुणपणी दिलेल्या घोषणांसारखा किरकोळ गुन्हा असेल, तर मालकाला तो नजरेआड करता येतो. लपवणे चूकच, पण खरे लिहिले की दार बंद होणार हे ठाऊक असलेला माणूस दुसरे काय करील?

तडीपारीचेही हेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 खाली दोन वर्षांपर्यंत माणसाला हद्दीबाहेर ठेवता येते, आणि छप्पन्नाव्या कलमासाठी दोषसिद्धीही लागत नाही. साक्षीदार घाबरतात, हे कारण खरे आहे, ते मी हलके करत नाही. परंतु जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे असाधारण पाऊल असून ते क्वचितच उचलावे, असे म्हटले आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत कारण न देता लावल्याबद्दल आदेश रद्द केला. या कायद्याच्याही आधी, वारली आदिवासींच्या लढ्याच्या काळात, याच भागातून त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकरांना हद्दपार केले होते. हत्यार कोणाच्या हाती जाईल हे ते बनवणाऱ्याला ठरवता येत नाही.

या सभागृहात वकील आहेत, कारखानदार आहेत, ठेकेदारही आहेत. तुमच्या अर्जातला ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ हा रकाना काढा. त्या जागी विचारा: गेल्या पाच वर्षांत, या कामाशी संबंध असलेल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? त्यासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही.