पोकळ हातबाँबचा संग्रह



२ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी धारातीर्थी पडले. त्या काळाच्या खुणा जपाव्यात, असे शहापूर-मुरबाडकरांस वाटणे स्वाभाविकच. इंग्रज लष्कराने १९१५ साली घेतलेला मिल्स हातबाँब ही तशीच एक खूण. परंतु संग्रहास योग्य तो केवळ सरावाचा: स्फोटक नसलेला, कवचास भोके पाडलेला, जाणकाराने तपासलेला. गंज चढला म्हणून आतली दारू मरत नाही. रानात असा लोखंडी गोळा दिसला, तर उचलू नका. पोरांना दूर ठेवा, पोलीस पाटलांना कळवा. हुतात्म्यांची आठवण राखायला माणसे जिवंत हवीत!