नग्नचित्रातली दुसरी सही



एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकारानं १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथं काढलेलं एक छायाचित्र जगभर गाजलेलं आहे. दाराच्या चौकटीत एक तरुणी विवस्त्र बसली आहे. गुडघ्याभोवती हातांची मिठी, मान पूर्ण खाली. चेहरा दिसत नाही, दिसतो फक्त डोक्यावरचा भांग. मागची खोली काळोखी, अंगावर लख्ख ऊन. आकाराची इतकी शुद्ध जाण क्वचितच पाहायला मिळते, असं या चित्राबद्दल समीक्षक लिहीत आले, आणि ते श्रेय सगळं वेस्टनच्या खात्यावर जमा होत गेलं.

त्या चौकटीत बसलेल्या बाईचं नाव कॅरिस विल्सन. तिनं १९९८ साली वेस्टनबरोबरच्या वर्षांच्या आठवणी पुस्तकरूपानं लिहिल्या. त्यात ती सांगते की ऊन डोळ्यांना सहन होईना, म्हणून तिनं मान खाली घातली आणि वेस्टन म्हणाला, अशीच राहा. म्हणजे ज्या पोजवर एवढं लिहिलं गेलं ती तिच्या शरीरानं आपणहून घेतलेली होती. वेस्टनचं मोठेपण हे, की त्यानं ती ओळखली. पुढं चित्र छापून झाल्यावर त्याला उजव्या हातावरची सावली कायम खुपत राहिली आणि तिला आपला वाकडा भांग आणि केसांतल्या पिना. एकाच चित्राचे दोन कर्ते, आणि दोघांच्या दोन वेगळ्या तक्रारी. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं या तपशिलात आहे: नग्न छायाचित्र दोघांनी मिळून केलेलं असतं, आणि आपण मात्र त्यावर एकच सही वाचतो.

दोघांची ओळख १९३४च्या सुमारास झाली. ती विशीची, तो अठ्ठेचाळीसचा. वेस्टनचा कॅमेरा आठ बाय दहा इंचांचा. तिकाटण्यावर चढवायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवर उलटं दिसणारं चित्र जुळवायचं, मग फिल्म सरकवायची. एवढा वेळ समोरच्या माणसाला श्वास सांभाळून थांबावं लागतं. अशा यंत्रापुढं नकळत, चोरून काही टिपता येत नाही. समोरच्यानं ठरवलं तरच चित्र होतं. ओशियानो इथल्या वाळूच्या टेकड्यांवर कॅरिस उघड्या अंगानं घरंगळत खाली आली, पसरून पडली, आणि वेस्टननं ती चित्रं घेतली. ती पाहताना उन्हात तापलेल्या वाळूचा आनंद जाणवतो. तो आनंद कॅरिसचा आहे. वेस्टनच्या सूचनेतून तो येणं शक्य नव्हतं.

१९३७ साली वेस्टनला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्याचा मूळ अर्ज त्रोटक होता, तो कॅरिसनं नीट विस्तारानं लिहिला. वेस्टनला गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा फेलोशिपवर केलेल्या कॅलिफोर्नियाभरच्या प्रवासात गाडी तिनंच हाकली. रोजच्या नोंदीही तिच्याच, आणि त्यांतून १९४०च्या ‘कॅलिफोर्निया अँड द वेस्ट’ या पुस्तकाचा मजकूर तयार झाला. त्या पुस्तकावर तिचं नाव आहे. पण छायाचित्रणाच्या मासिकांतले काही लेख तिनं लिहिले आणि ते छापून आले वेस्टनच्या नावानं. १९३९ साली त्यांचं लग्न झालं, १९४५ला ते वेगळे झाले.

ही हकिगत बरेचदा प्रेमकथा म्हणून सांगतात. मला ते अपुरं वाटतं. प्रेम होतं हे खरं, पण नावलौकिक त्याचा होता, वयाचं अंतर होतं, आणि चित्रांची मालकीही त्याची. कॅरिसची बाजू आपल्याला कळते, कारण ती लिहिणारी होती आणि पंचाण्णव वर्षं जगली. बाकीच्या बहुतेक मॉडेलनी काय पाहिलं, त्यांना काय खुपलं, हे कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटानं मांडला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थ्यांपुढं बसणारी यमुना आपलं काम मुलापासून लपवते. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवातून तो वगळला गेला आणि सगळी चर्चा वगळण्यावर झाली. यमुनेसारख्या बायकांचं मानधन, त्यांची बसण्याची खोली, त्यांची ओळख सांभाळण्याची जबाबदारी यांवर फारसं कुणी बोललं नाही. १९९५च्या टफ बुटांच्या जाहिरातीचंही तेच झालं. प्रबुद्ध दासगुप्तांनी टिपलेलं मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांचं ते नग्न छायाचित्र. खटला चालला २००९पर्यंत, आणि अखेर सुटका झाली. चौदा वर्षं वाद अश्लीलतेचा होता. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे. मला त्या निकालाचं मोल मोठं वाटतं. तरीही तो पाहणाऱ्याच्या मनाचा विचार करतो. समोर बसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळाच आहे.

चित्रकार चेहरा बदलू शकतो. छायाचित्रात मात्र तीच व्यक्ती असते, तोच तीळ, तीच जखमेची खूण. आणि आता फाइल एका रात्रीत कुठंही पोचते. म्हणून फोटो काढायला दिलेला होकार आणि तो दाखवायला दिलेला होकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१३च्या दुरुस्तीनं हा फरक फौजदारी कायद्यात आला आणि आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये आहे: स्त्रीनं चित्रण होऊ दिलं, पण प्रसाराला संमती दिली नाही, तर तो प्रसार गुन्हा ठरतो. कॉपीराइट कायदा मात्र फोटो काढणाऱ्यालाच कर्ता मानतो. मॉडेलला काही हक्क हवा असेल तर तो कागदावर लिहूनच घ्यावा लागतो.

तो कागद मराठीत असावा, तिला वाचता येईल अशा भाषेत. कोणती चित्रं, कुठं, किती काळ दाखवायची, चेहरा दिसणार की नाही, हे कपडे काढण्याआधी ठरावं. त्यानंतरच्या होकाराला संकोचाचं दडपण असतं. स्टुडिओत हजर कोण, हेही आधी सांगावं. खोली उबदार हवी. जवळ गाऊन हवा, आणि मधल्या सुट्टीत तिनं तो घालूनच बसावं. सैल कपड्यांत यायला सांगावं, कारण इलॅस्टिकचे वळ उतरायला बराच वेळ लागतो. पोज सांगायची ती तोंडानं किंवा स्वतः करून दाखवून. हात लावायचा नाही. अवघडलेला पाय, गारठलेले खांदे चित्रात दिसतात. जी मॉडेल निश्चिंत असते तिच्या पाठीचा कणा वेगळा दिसतो, हे या कामात असलेला कुणीही सांगेल.

आणि चित्रांची निवड करताना तिला शेजारी बसवावं. मी हे करते तेव्हा माझी आवडती चित्रं कधी कधी बाद होतात. होऊ द्यावीत. तिच्या नजरेला सुटलेलं पोट किंवा वाकडा भांग आधी दिसतो, पण ज्या क्षणी ती स्वतःला विसरली होती तो क्षणही तीच अचूक दाखवते.

या सभागृहात कलाशाळांचे विद्यार्थी आहेत, प्रदर्शनं भरवणारे आहेत. त्यांच्याकडे माझी एक मागणी आहे. चित्राखालच्या पट्टीवर छायाचित्रकाराच्या नावाखाली आणखी एक ओळ ठेवा. मॉडेलची इच्छा असेल तर तिथं तिचं नाव येईल. नसेल तर ‘नाव न देण्याची विनंती’ एवढंच छापा. पुढच्या प्रदर्शनापासून हे सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.